सहा अँपिअर कुठे जातात

टेलिफोन खात्यात तिने सव्वीस वर्षं बिघडलेल्या वायरी शोधल्या. सगळे तिला टेस्टरबाईच म्हणत. नवरा शाळेची बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकून जुनी घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. दोन वर्षं मजेत हिंडले. मग नवऱ्याच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र आलं. ते गाडीतल्या मोठ्या बॅटरीवर चालायचं.

आधी बॅटरी दिवसभर पुरायची. मग सहा तास. त्या सकाळी दीड तासातच यंत्र कोकलायला लागलं. इंजिन चालू ठेवलं की ते चालायचं, पण डिझेलचा काटा तळाला टेकत आला होता.

"अहो, बॅटरी कुणीतरी पितंय. सगळं बंद करून बघावं लागेल. तोवर प्राणवायूच्या सिलिंडरवर राहाल?"

"किती उरलंय त्यात?"

"अर्धा तास." खरं तर चाळीस मिनिटं होती. दहा तिने हातची राखली.

बॅटरीची एक वायर सोडवून तिने मध्ये मीटर लावला. गाडीतलं सगळं बंद, तरी सहा अँपिअर! तिने एकेक फ्यूज उपटला. दिवे, पंखा, पंप, फ्रिज. आकडा ढिम्म हलेना. शेवटचा फ्यूज काढून तिने सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं. खात्यात कुणाचा श्वास टांगणीला लागलेला नसायचा.

"सापडलं?"

"बोलू नका हो. दम लागेल."

सगळे फ्यूज काढूनही वीज जातेय, म्हणजे चोर थेट बॅटरीलाच चिकटलाय. ती पलंगाखाली पालथी पडली आणि प्रत्येक वायर चाचपत गेली. एक लाल वायर कपाटामागे शिरत होती. तिने पक्कडीने फळी उखडली. वायर पाण्याच्या टाकीच्या बुडाशी गेली होती, आणि तिथे चिकटवलेली रबरी पट्टी चांगलीच तापलेली. थंडीत पाणी गोठू नये म्हणून आधीच्या मालकाने बसवलेला हीटर! त्याचा आपोआप बंद होणारा स्विच अडकला होता आणि भर उन्हाळ्यात तो पाणी तापवत बसला होता. तिने कचकन वायर तोडली. मीटर शून्यावर आला.

"सापडला मेला!" ती ओरडली आणि तिथेच बसून रडायला लागली.

तासभर इंजिन चालवून तिने बॅटरी चार्ज केली. वीस मिनिटांत यंत्र पुन्हा कोकललं. गळती थांबली होती, पण रोज तळापर्यंत रिकामी होऊन बॅटरीच कामातून गेली होती.

उरलेल्या डिझेलवर पोहोचता येईल असं ओळखीचं एकच घर होतं, नणंदेचं. आईच्या आजारपणावरून बहीणभावांत भांडण झालं, त्याला नऊ वर्षं झाली होती.

"मेलो तरी तिच्या दारात जाणार नाही."

"तुम्ही नका जाऊ. वायर जाईल," म्हणत तिने गाडी काढली.

नणंदेने दार उघडलं. समोर भावजय, खांद्यावर वायरचं भेंडोळं.

"वन्सं, राग मागाहून काढा. आधी प्लग द्या."

नणंदेने गाडीकडे पाहिलं. खिडकीत भावाचा चेहरा होता, नाकात नळी. तिने वायरचं टोक घेतलं, कपडे धुवायच्या मशीनचा प्लग उपटला आणि तिथे हा लावला. मग गाडीच्या पायरीशी आली.

"आत येऊ का रे?"

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. पण पाय जवळ ओढून पलंगाच्या कडेला जागा केली.