फोटोतला चरक, स्टॉलवरचा चरक

“फोटो काढा की. पर लांबनं.”

“लांबून काढला तर मशीन दिसणार नाही, अण्णा.”

“मग? त्येच म्हणतोय न्हवं!”

उचगावच्या त्या शेडमध्ये मी कपाळावर हात मारून घेतला.

मी कमर्शियल आर्टिस्ट. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या कारखानदारांची ब्रोशर करायचे. ब्रोशर म्हणजे घडीचं माहितीपत्रक. ते हातात घेणाऱ्याला वस्तू काय, माझा फायदा काय आणि फोन कुणाला करायचा, एवढं झटकन कळलं पाहिजे. बाकी सगळी सजावट.

अण्णांनी गुऱ्हाळाचा चरक बनवला होता, म्हणजे ऊस पिळायचं मशीन. उसाला चिरडणाऱ्या रोलरवर त्यांनी आपल्या डोक्यानं नव्या तऱ्हेच्या खाचा पाडल्या होत्या. त्यानं रस जास्त निघतो, चिपाडं कोरडी पडतात, असं ते सांगायचे. नुसतं सांगायचे. मशीनवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर दोरी. येत्या शेती प्रदर्शनात ऑर्डर मिळाली नाही तर शेड विकावी लागणार, हेही त्यांनीच सांगितलेलं. आणि तरी ही तऱ्हा!

“निदान चालू करून तरी दाखवा.”

“कशाला? तुमास्नी कागुद छापायचाय का गूळ करायचाय?”

मला दाट संशय आला, की मशीन चालतच नसणार. माल कच्चा आणि ब्रोशर चकचकीत, अशी गिऱ्हाइकं मी भरपूर बघितली होती. अण्णांना माझा संशय. मी आणखी कुणाकुणाची कामं करते, निगेटिव्ह कुठे ठेवते, सगळी उलटतपासणी झाली.

“आन् शेजारच्या शेडवाल्यानं इचारलं तर काय सांगशिला?”

“अण्णांना वेड लागलंय, असं सांगीन.”

अण्णा हसले नाहीत.

शेवटी त्यांच्या बायको, शांताक्का, ऑफिसातून बाहेर आल्या. हिशेब, फोन सगळं त्याच बघायच्या. “अवो, तोंड न दावता पोरगी कोन करून घेतंय व्हय? काढू द्या की त्यास्नी फोटो!” अण्णांनी ताडपत्रीवरची दोरी आणखी घट्ट आवळली. मग म्हणाले, “उद्या या.”

दुसऱ्या दिवशी ताडपत्री गायब. मशीन रंगवून उभं केलेलं. झाकण उघडं, रोलर समोर. हवा तितका जवळून फोटो मिळाला. अण्णा स्वतः लाइट धरून उभे! एवढी माया एका रात्रीत कुठून आली, ते मला कळेना.

“अण्णा, हेच मशीन ना?”

“मग काय दुसऱ्याचं उचलून आनलंय?”

ब्रोशर झकास झालं. कव्हरभर रोलरचा फोटो आणि खाली ठळक ओळ : ‘चिपाड पिळून बघा!’ प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, अण्णांनी भिंगातून तपासली. फोटोवर भिंग जरा जास्तच वेळ फिरलं. मग त्यांनी खुशीत सही केली.

प्रदर्शनात मीही स्टॉलवर गेले. चरक चालू होता आणि खरंच चांगला चालत होता. माझा संशय फिटला. मनातल्या मनात मी अण्णांची माफीसुद्धा मागितली. बिद्रीकडचे एक गुऱ्हाळवाले आले. त्यांच्या शब्दावर आसपासची सगळी गुऱ्हाळं मशीन घ्यायची. त्यांनी चिपाड उचललं, मुठीत पिळलं. थेंब नाही. चेहरा खुलला. मशीन थांबल्यावर ब्रोशर हातात धरून ते ऊस घालायच्या तोंडाशी वाकले. आत बघितलं. कागदावर बघितलं. पुन्हा आत.

“पावणं, ह्यो रोलर आन् फोटोतला रोलर एक न्हाय की.”

अण्णांचा चेहरा पडला. मला तिथेच उमजलं. फोटोच्या आदल्या रात्री या माणसानं खरा रोलर काढून जुनाच, सगळ्यांकडे असतो तसला बसवला होता. शेजारचा कारखानदार ब्रोशर बघून नक्कल करील, तर तो फसावा म्हणून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“चुकून छापलं ओ ते,” अण्णा पुटपुटले.

“व्हय? आन् उद्या पार्ट मागिवला तर ह्यातला धाडशिला का फोटोतला?” गुऱ्हाळवाल्यांनी ब्रोशर टेबलावर टाकलं आणि ते चालू लागले.

शांताक्कांनी नवऱ्याला कोपरानं ढकललं. अण्णा धोतर सावरत गुऱ्हाळवाल्यांच्या मागे पळाले. हाताला धरून परत आणलं. भोवती गर्दी, गर्दीत दुसरे कारखानदारही. अण्णांनी पाना घेतला आणि सगळ्यांदेखत झाकणाचे बोल्ट काढले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? वर्षानुवर्षं जपलेल्या खाचा त्यांनी बोटानं एकेक करून दाखवल्या.

गुऱ्हाळवाल्यांनी खाचांवरून हात फिरवला. “मशीन घेतो. बाकीच्यांस्नीबी सांगतो. पर एक अट हाय. त्यो कागुद आता कुनाच्या हातात द्यायचा न्हाय. त्यो बघून तुमी लबाड वाटताय.”

शेड वाचली. ब्रोशरचे गठ्ठे त्याच दिवशी रद्दीवाल्याकडे गेले. माझं तोवरचं सगळ्यांत देखणं काम! तेव्हापासून मी मशीन चालताना बघितल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढत नाही, आणि झाकण उघडायला कुरकुर करणाऱ्याचं काम घेत नाही.