काचेसारख्या गोळ्या

आमच्या जाऊबाईंना सगळी गल्ली पाककाकू म्हणते. साखरेचा पाक साच्यात ओतून मासे, चांदण्या, पानं अशा गोळ्या काढायच्या, हा त्यांचा उद्योग. गोळी उजेडात धरली की पलीकडचं दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून पाक ढवळायचा तो काचेच्या कांडीनेच. भावजी प्रयोगशाळेत कामाला होते, कांडी त्यांची. तिला हात लावायची आमची कुणाची टाप नव्हती.

नातवाचा वाढदिवस चांगला लांब होता, पण या बाईंची घाई जगावेगळी. डब्यांत बटर पेपर घालून थर लावले, ओल धरू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी ठेवली, झाकणांना चिकटपट्टी लावली. जवळच राहणारी लेक येऊन तिच्या पोराला, म्हणजे नातवाला, चवीला म्हणून एक डबा घेऊनही गेली. मग जाऊबाई भांडी धुवायला वळल्या आणि मला हाक आली.

"अगं, इकडे ये जरा."

कांडीचं टोक उडालं होतं.

पातेल्यात नाही, मोरीत नाही, ओट्यावर नाही.

"ओतताना साच्यावर आपटली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, साचाच वाजला."

काचेसारखी गोळी आणि तिच्यात काच. डोळे फोडून बघितलं तरी कशी दिसणार? ज्या नितळपणाचा एवढी वर्षं तोरा मिरवला, त्याचा मला त्या क्षणी संताप आला. त्यात नातू गोळी चघळत नाही, कडाकडा फोडतो. लेकीला फोन लावला, तर ती उचलेना.

आम्ही तशाच निघालो. जाऊबाईंच्या हातात कांडी तशीच होती. भर रस्त्यात लोक बघत होते, पण आज त्यांना कशाचंच भान नव्हतं. जिन्यात मी त्यांना जवळजवळ ओढतच वर नेलं.

लेकीने दार उघडलं. मागे नातू गाल फुगवून उभा.

"थुंक," जाऊबाई म्हणाल्या. "आधी थुंक, मग बोलू."

तो घाबरला. त्याने हातावर अर्धामुर्धा मासा काढला. त्याआधी एक चांदणी खाऊन झाली होती. लेकीने त्याचं तोंड उघडून बोटाने चाचपलं, रक्त नव्हतं. तेवढ्यात मी डबा गरम पाण्यात रिकामा केला, तो अर्धा मासाही टाकला. साखर विरघळते, काच विरघळत नाही, एवढाच काय तो आधार. पाणी पंच्यातून गाळलं. कापडावर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा राहिला.

लेक मटकन खाली बसली. "सापडला गं बाई," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.

जाऊबाई मात्र खिडकीशी गेल्या. त्यांनी तुकडा कांडीच्या टोकाला लावून पाहिला, फिरवून परत लावला. नीट बसला. पण कडेला तिळाएवढी जागा रिकामी राहिली.

"घरच्या डब्यांत असेल," मी म्हटलं.

"असेल," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे नातवाच्या पोटावर होते.

"रिक्षा बोलाव," लेक मला म्हणाली. "दवाखान्यात जाऊ."

पोरगा आमच्या तिघींच्या तोंडाकडे बघत होता. "आजी, मी काय केलं?" त्याने विचारलं. जाऊबाईंनी कांडी खिडकीत ठेवली आणि त्याचा हात धरून जिन्याकडे निघाल्या.