गच्चीवरची धरलेली जागा

इंटरनेट विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना पुरून उरलेला माणूस अख्ख्या मालाडमध्ये एकच आहे, आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि हे काका चौथ्या. आमच्या जिन्यातून पाच कंपन्यांच्या वायरी वर चढतात. एकीचं काम संपून रंगाचे डाग पुसतो न पुसतो तोच दुसरीचा माणूस ड्रिल घेऊन हजर होतो. पण पाचही वायरी काकांच्या दारापर्यंत येतात आणि वळून शेजाऱ्यांकडे जातात. काकांच्या घरात एकही शिरलेली नाही. पूर्ण बिल्डिंगमध्ये इंटरनेट नसलेलं ते एकच घर, त्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांचा डोळा त्याच्यावर असतो.

काका कुणालाही दारातून परत पाठवत नाहीत, हीच खरी अडचण आहे. ते विक्रेत्याला आत बोलावतात, पंखा लावतात, चहा देतात आणि त्याचं वेग, राउटर, फुकटचे महिने हे सगळं शांतपणे ऐकून घेतात. मग चष्मा पुसत एकच प्रश्न विचारतात, "तुमची वायर माझ्या गावापर्यंत जाते का?" गाव सिंधुदुर्गातलं, दोन डोंगरांच्या खोबणीत बसलेलं. समोरचा गडबडतो. "काका, कनेक्शन इथे हवंय ना?" काका म्हणतात, "इथलं नंतर बघू. आधी गावचं बोला." एकदा एका कंपनीच्या बाई आल्या होत्या. त्यांनी टॅबवर नकाशा उघडून दाखवला. हिरवा रंग तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत जाऊन थांबला होता. काकांनी बोटाने नकाशा पुढे सरकवला, पुन्हा सरकवला, आणि त्या बाईंना म्हणाले, "बघा, तुमची कंपनी एसटी स्टँडवरच उतरली. पुढे चालत जायला तयार नाही." बाई चहा पिऊन हसत गेल्या. दुसऱ्या एका दुपारी दोन वैरी कंपन्यांचे दोघे एकाच वेळी येऊन टेकले, तर काकांनी त्यांची एकमेकांशी ओळख करून दिली आणि दोघांत एक बिस्किटांची बशी ठेवली. सगळ्यांची कार्डं त्यांनी एका जुन्या डब्यात जपून ठेवली आहेत. दर दिवाळीला ते एकेकाला फोन करून विचारतात, "वायर कुठवर आली?"

काकी मात्र व्यवहारी. त्यांनी माझ्याकडून माझ्या वायफायचा पासवर्ड कधीच घेतला आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी रेंज चांगली येते, तिथे उभ्या राहून त्या बहिणीच्या नातीचे व्हिडिओ बघतात आणि काकांची चाहूल लागली की फोन पिठाच्या डब्यामागे ठेवतात. काकांना यातलं काही माहीत नाही, अशी त्यांची समजूत आहे. काका मला जिन्यात गाठून सांगतात, "अरे, तुझं इंटरनेट सकाळपासून बंद पडलंय. कंपनीला फोन कर. ही उगाच माझ्यावर चिडचिड करते."

एवढा हट्ट कशासाठी, हे कळायला रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या गच्चीवर जावं लागतं. काकांचे थोरले भाऊ, त्यांचे दादा, गावी वहिनींबरोबर राहतात. मुंबईला यायचं नाव काढत नाहीत. पूर्वी त्यांच्याकडे लँडलाइन होती, पण एका वादळात तिचे खांब पडले ते पडलेच. घरात मोबाइलला रेंज नाही. म्हणून दादा दर रविवारी काठी टेकत गावामागच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर चढतात. तिथल्या एका कातळावर उभं राहिलं की पलीकडच्या गावचा टॉवर लागतो. तिथून ते फोन करतात आणि काका तो गच्चीवर भर उन्हात घेतात. मी एकदा म्हटलं, "काका, घरात पंख्याखाली बसून बोला ना." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही तरी वंगाळ बोललो. "दादा तिकडे उन्हात उभा आहे रे. मी पंख्याखाली बसू?" बोलणं फार नसतं. काजू किती लागले, कुणाची म्हैस व्यायली, गुडघा कसा आहे. त्या गुडघ्याचाच काकांना घोर लागला होता. सत्तरी कधीच ओलांडलेले दादा आणखी किती दिवस सडा चढणार? ज्या दिवशी चढणं थांबेल त्या दिवशी बोलणंही थांबेल, हे काकांना स्वच्छ दिसत होतं.

अशात कधी तरी पेपरात आलं की आता उपग्रहावरून इंटरनेट येणार. वायर नको, टॉवर नको, अंगणात एक तबकडी ठेवली आणि तिला मोकळं आभाळ दिसलं की झालं. काकांनी ते कात्रण मला चार वेळा वाचून दाखवलं. त्याच संध्याकाळी ते गच्चीवर गेले आणि सगळ्या बाजूंनी आभाळ बघून त्यांनी पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा पसंत केला. तिथे हात मोडलेली एक निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, पाइपाला सुतळीने बांधली आणि एसटीत खिडकीतून टाकतात तसा तिच्यावर रुमाल टाकला. तबकडीसाठी जागा धरली! सेवा सुरू व्हायचा पत्ता नाही, कंपन्यांचं नुसतं "लवकरच, लवकरच" चाललेलं, पण त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, तिच्या आजूबाजूला पापड घालायचे नाहीत. काका स्वतःही रविवारी टाकीच्या पायरीवर बसत, खुर्चीवर नाही.

मग सहावी कंपनी आली. तिला गच्चीवर खांब उभारायचा होता, आणि नेमका त्याच कोपऱ्यात. बदल्यात सोसायटीच्या ऑफिसला फुकट कनेक्शन. मीटिंगमध्ये सगळे खूश. काका उठून उभे राहिले. "ती जागा धरलेली आहे."

"कुणी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी."

"अहो काका, गच्ची सगळ्यांची आहे. तुमची तबकडी येणार कधी? तोवर आम्ही वाट बघत बसायचं का?"

काका खाली मान घालून बसले. निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला. जिना चढताना मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, रागावू नका, पण तबकडी इथे लागतच नाही. ती गावी, दादांच्या अंगणात लागेल. इथे तुम्ही माझ्या वायफायवरूनही बोलू शकाल."

काका पायरीवरच थांबले. "मला काय खुळा समजतोस? माहीत आहे मला." थोडा दम घेऊन म्हणाले, "दादा एकटा काही घेत नाही रे. आयुष्यात घेतलेलं नाही. गावात वीज आली तेव्हा माझ्या चाळीतल्या खोलीत दिवा आहे ना, हे पत्र पाठवून विचारलं आणि मग मीटर बसवला. या तबकडीचं सांगितलं तर म्हणाला, 'आधी तू घे, मगे माका सांग.' मी न घेता त्याच्या दारात ठेवली तर गोठ्यात टाकून देईल. म्हणून सांगितलं, दादा, मी जागा धरलीय." मग माझ्या लक्षात आलं की पाच कंपन्यांच्या वायरी काकांच्या दारावरून का वळल्या. भावाकडे नाही ते काकाही घेत नव्हते. एकाच घरात वाढलेले दोन हट्टी म्हातारे, दुसरं काय!

त्यानंतर महिनाभरात एका रविवारी काकांचा फोन वाजला नाही. काका दुपारपर्यंत गच्चीवर होते. काकी जेवायला बोलवायला तीनदा वर गेल्या. मंगळवारी गावच्या कुणी तरी बाजारपेठेतून फोन करून सांगितलं, सड्यावर चढताना दादांचा पाय घसरला. जिवावरचं नाही, पण डॉक्टरांनी चढणं कायमचं बंद केलंय. काका त्याच दिवशी पिशवी भरून निघाले. आमच्या दाराशी थांबून एवढंच म्हणाले, "खुर्चीकडे बघ."

ते गावी असतानाच सहाव्या कंपनीचे दोघं खांब घेऊन गच्चीवर आले. मीटिंग व्हायची होती, पण सेक्रेटरींनी त्यांना नुसती मापं घ्या म्हणून वर पाठवलं होतं. मापं घेता घेता एकाने खुर्चीची सुतळी सोडायला घेतली. मी आयुष्यात कधी कुणाशी भांडलेलो नाही, बिल जास्त आलं तरी भरून मोकळा होतो. पण त्या दिवशी माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, "ओ, हात लावू नका. ती जागा धरलेली आहे." ते दोघं माझ्याकडे बघत राहिले. मग सेक्रेटरीही वर आले. मी त्यांना सड्याचं आणि दादांच्या पायाचं सांगितलं. त्यांनी त्या दोघांना मापं दुसरीकडे घ्यायची खूण केली. खांब पलीकडच्या कोपऱ्यात गेला.

काका पंधरा दिवसांनी परतले, वाळलेले आणि उन्हाने काळवंडलेले. पुढच्या रविवारी दहा वाजता ते गच्चीवर चढताना दिसले म्हणून मीही मागोमाग गेलो. ते टाकीच्या पायरीवर बसले होते. हातात फोनसुद्धा नव्हता.

"काका, आता फोन कुठून येणार?"

"येणार नाहीच." मग खुर्चीकडे बघत म्हणाले, "दादाने पण अंगणात खुर्ची ठेवलीय. आमच्या बाबांची, लाकडी. वरचं आभाळ मोकळं दिसावं म्हणून फणसाची एक फांदीसुद्धा उतरवली. खुर्चीवर पंचा टाकलाय आणि तिच्या बाजूला वहिनीला वाळवण घालू देत नाही. रविवारी दहा वाजता तो पाय पसरून तिथे खळ्यात, म्हणजे अंगणातच बसतो. मी इथे. पंधरा-वीस मिनिटं. त्याला माहीत आहे मी बसलोय."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो. ऊन चांगलंच तापलं होतं आणि सावलीत जाऊ या, असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

कंपन्यांचं "लवकरच" अजून चालूच आहे. गच्चीवर वारा फार असतो, रुमाल उडून टाकीमागे जातो. काकांचे गुडघेही आता कुरकुरतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी मीच वर जातो, रुमाल शोधून पुन्हा खुर्चीवर घालतो आणि सुतळीची गाठ घट्ट करून खाली येतो.