बिनविजेचा बेस

खामगावात दिवसा तेलगिरणीत काम आणि लग्नसराईत मामेभावाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार, असं माझं बारा वर्षं चाललं. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती वाजत असते तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. थांबली की गाणं पोकळ झालं एवढं कळतं. मला ते आवडायचं. लोक गाणाऱ्याकडे बघायचे आणि मी मागे उभा राहून सगळ्यांचे पाय हलवायचो.

मोताळ्याकडच्या एका गावात मे महिन्यात लग्न होतं. पंगती उठल्यावर भर दुपारी मांडवात आमचा कार्यक्रम सुरू झाला. नवरदेवाचे चार-पाच दोस्त पिऊन आले होते. एकच गाणं त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. चौथ्यांदा मामेभावानं हात जोडले आणि आता नवरीकडची फर्माईश घेऊ म्हणाला. त्यातला पांढऱ्या शर्टाचा एक पोरगा, बावीस-तेवीसचा असेल, स्टेजवर चढला. त्यानं माइकचं स्टँड उचललं आणि उलटं करून मामेभावाच्या डोक्यात घातलं. लोखंडी बूड कानाच्या वर लागलं. माइक चालूच होता, त्यामुळे तो आवाज स्पीकरमधून अख्ख्या मांडवानं ऐकला.

मामेभाऊ गुडघ्यांवर आला. कानामागून रक्ताची धार कॉलरमध्ये उतरत होती. पोरानं स्टँड पुन्हा उगारलं. मी खांद्यावरचा पट्टा कधी काढला ते आठवत नाही. बेसची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि कुऱ्हाड घालावी तसा तो फिरवला. भरीव लाकूड त्याच्या जबड्यावर बसलं. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला आणि तो आडवा पडला. स्टँड त्याच्या हातातून सुटून लांब गेलं होतं. तिथे मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. पडलेल्या माणसाला मी दुसऱ्यांदा मारलं.

मग बाकीचे माझ्यावर तुटून पडले. खुर्च्या, लाथा, बुक्क्या. मी पालथा पडलो, डावा हात पुढे पसरलेला. कोणीतरी बेसचा आवाज मोठा करणारा माझाच जड अ‍ॅम्प उचलून त्या हातावर टाकला. बोटं मोडताना दुखलं नाही. दुखणं दवाखान्यात पोचल्यावर सुरू झालं.

मामेभावाला अकरा टाके पडले. त्या पोराचा जबडा तारेनं बांधला. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून आपसात मिटवलं. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं ताठ राहिलं. ऑर्केस्ट्रा बंद झाला.

पुढची तीन वर्षं मी वाजवलं नाही, पण ती दुपार माझ्या अंगातून गेली नाही. वरातीचा डीजे गल्लीत आला की माझे दात आपोआप आवळायचे. एकदा गिरणीत एका हमालानं मागून पाठीवर थाप मारली, गमतीनंच, आणि मी वळून त्याचा गळा धरला. चौघांनी मला सोडवलं. घरी भिंतीवर बुक्क्या मारायचो. बायको त्या भिंतीवर कॅलेंडर लावायची.

मग एकदा मोताळ्याच्या बाजारात तो पोरगा भेटला. गुरांच्या ढेपेची पोती टेम्पोत टाकत होता. चेहरा एका बाजूला ओढलेला. त्यानंच मला आधी ओळखलं. मला वाटलं, आता मारेल, आणि माझ्या मुठी वळल्यासुद्धा. तो मारायला आला नव्हता. म्हणाला, "पहिला फटका समजतो मी. तुमच्या भावाले मारलं होतं मी. पन मी पडलो होतो ना. दुसऱ्यांदा काऊन मारलं?"

मी मुठी खिशात घातल्या. तो परत पोती उचलायला गेला.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. दुसऱ्या फटक्याचं तिला तोवर माहीत नव्हतं. तिनं तांदूळ निवडायचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "तुमचे हात रिकामे राह्यले का मले भेव वाटते. घरात वाजवत जा."

मी अट घातली, अ‍ॅम्प नको. त्याची घरघर नुसती आठवली तरी बोटं दुखायची. विजेशिवाय वाजेल असा पोकळ पेटीचा बेस हवा होता, आणि आम्हाला परवडेल असा. खामगावच्या दुकानदारानं साध्या गिटारीला जाड तारा बांधून देतो म्हटलं. तसं केलं असतं तर ताणानं दांडी वाकली असती. म्हणून आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो.

तिथे तीन होते. पहिला अस्सल लाकडाच्या पेटीचा, आवाज असा की छातीत उतरावा. किंमत ऐकून मी तो अलगद परत दिला. दुसरा दिसायला देखणा, पण पातळ पोटाचा. वायर जोडल्याशिवाय त्याचा आवाज पोटातच मरत होता. तिसरा प्लायवुडचा, मातकट रंगाचा, मोठ्या पोटाचा आणि आखूड दांडीचा. कडेला ओरखडा होता म्हणून स्वस्त. आखूड दांडीवर माझी धड बोटं पोचत होती. मी एकेक घर दाबून पाहिलं. तारा फार उंच होत्या, दाबताना बोट कापत होतं. दुकानदारानं तारांखालची पट्टी घासून त्या उतरवून दिल्या.

शेवटी दांडी सरळ आहे का ते बघायचं होतं. त्यासाठी गिटार दांडीला धरून, पोट पुढे करून टोकाकडून नजर लावावी लागते. माझे दोन्ही हात दांडीवर आवळले आणि खांदे आपोआप वर आले. बायको दोन पावलं मागे सरली. दुकानदार बोलतच होता. मी तसाच उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे. मग गिटार मांडीवर घेऊन बसलो आणि हाच द्या म्हणालो.

घरी आठ दिवस बरे गेले. भिंतीला टेकून बसलं की आवाज भरायचा. नवव्या दिवशी एक साधी चाल जमेना. ताठ बोट दर वेळी मध्ये येत होतं. मी मूठ वळली आणि गिटारीच्या पोटावर घातली. प्लायवूड चिरलं. बायकोनं आत गॅस बंद केला, दारात आली, चीर पाहिली आणि परत गेली.

चिरेत सुतारी गोंद भरला, वर वरवंटा ठेवून दिवसभर वाळवला. आवाज थोडा बसला, पण वाजतो. गिरणीतून आलो की अर्धा तास वाजवतो, डाव्या हाताच्या दोनच बोटांनी. राग अजून येतो. आला की गिटार पलंगावर पालथी ठेवतो, अंगणात जाऊन दोन्ही हात नळाखाली धरतो आणि मुठी सुटेपर्यंत आत येत नाही.