सरांनी पसंत केलेली पॉइंट टू-टू

रायफल क्लबात किस्से का साठतात, सांगतो. गोळ्या महाग, म्हणून त्या मोजून मिळतात. गप्पांना मात्र रेशन नाही! माणूस थोड्याशा गोळ्या मारतो आणि उरलेला वेळ सतरंजीवर बसून आपल्या पाळीची वाट पाहतो. आर्णीच्या बाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागे, मातीच्या बांधासमोर आम्ही अशी कित्येक वर्षं वाट पाहिली. गावात माझं कृषी केंद्र आहे. तिथं इतका वेळ बसलो असतो तर आज दुसरी शाखा निघाली असती. पण आठवण येते ती सतरंजीची, दुकानाची कधीच नाही.

आमचे कोच माहुरे सर. शाळेत पीटी शिकवली, एनसीसी सांभाळली आणि रिटायर झाल्यावर हा क्लब काढला. क्लबाची रायफल एकच, पॉइंट टू-टू. दर गोळीला बोल्ट मागे ओढायचा, गोळी ठेवायची, बोल्ट पुढे ढकलून खाली पाडायचा. नवशिक्यांना याचा फार कंटाळा. एकाने विचारलंच, "सर, फटाफट चालणारी नाई भेटत काय?"

सर म्हणाले, "भेटते न! दिवाळीले टिकल्यांची घे!"

*

वंदना राठोड ही आमची सगळ्यात चांगली नेमबाज, जवळच्या तांड्यावरची. नवीन होती तेव्हा एकदा तिने सबंध सकाळ नेम धरायच्या साइटचे स्क्रू फिरवून, जिथे नेम तिथेच गोळी, असं जमवून आणलं. याला आमच्यात 'झिरो करणं' म्हणतात. आनंदाच्या भरात तिने घरी फोन लावला, "याडी, रायफल झिरो झाली!"

याडी म्हणजे आई. दुपारी याडी डबा घेऊन रेंजवर हजर! सरांपुढे हात जोडून म्हणाली, "सर, लेकरू हाये. एक बार झिरो भेटला म्हणून नाव नोका कापू जी!"

झिरो म्हणजे चांगलं, हे सरांनी तिला नीट समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग हे हिच्या गणिताच्या मास्तरलेबी सांगा न!"

*

अशोकभाऊ आमच्यातले विमा एजंट. गळ्यात पडून पॉलिसी देतात, पण मोठ्या मनाचा माणूस. आणि भक्ती तर विचारू नका. दसऱ्याला शस्त्रपूजेत त्यांनी रायफलला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि डोळा लावायच्या मागच्या साइटच्या बारीक छिद्रालाही मनोभावे बोट लावलं.

पुढच्या रविवारी पहिली पाळी माझी. डोळा लावला तर सगळं पिवळं! मला वाटलं, झाली कावीळ. सरांनी टाचणी मागवली, छिद्र मोकळं केलं आणि म्हणाले, "अशोक, देवीनं आशीर्वाद देल्ला, पण पाह्याले जागाच नाई ठेवली तुह्या हळदीनं!"

त्याच दिवशी रायफल साफ करताना नळी झिजल्याचं कळलं. दुसरी रायफल घ्यावी लागणार होती. सरांच्या डोळ्यांत तोवर काचबिंदू उतरला होता. ते म्हणाले, "नजर हाये तोवर तुमच्यासाठी एक चांगली रायफल निवडून देतो. मंग मी मोकळा."

*

अशोकभाऊ कामानिमित्त नागपूरला गेले होते. सरांनी फोनवर बजावलं, "दुकानात जाऊन ये. पण पॉलिश पाहू नोको, कंपनी पाहू नोको. आधी ग्रुप पाय. ग्रुप चांगला असन तरच बोल."

ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या पाच गोळ्या कागदावर किती जवळजवळ पडतात ते. हे क्लबात सगळ्यांना ठाऊक, असं सर समजत होते.

संध्याकाळी अशोकभाऊंचा फोन आला, "सर, ग्रुप एकदम मस्त! दुकानदारानं मलेबी ॲड केलं. आत्ताच तिघांनी वेलकम म्हटलं!"

त्यानंतर सर स्वतःच नागपूरला गेले. सोबत मी आणि अशोकभाऊ.

*

तिथे दोन रायफली ठेवल्या होत्या. एक कोरी करकरीत, लाकूड असं चमकणारं की त्यात पाहून भांग पाडावा. दुसरी कोण्या जुन्या नेमबाजाने विकायला काढलेली, दस्त्यावर ओरखडे, एका जागी लाकडाची जोड. अशोकभाऊंचं घराणं बैलांची पारख असलेलं. ते नव्या रायफलीभोवती फिरले, पाठीवर थाप मारली, मागे जाऊन वाकून पाहिलं.

"शेपूट सापडली काय?" सरांनी विचारलं.

मग रेंजवर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून दोन्ही चालवल्या. नवीच्या दोन गोळ्या मधल्या, दहा गुणांच्या गोलात, बाकीच्या मन मानेल तिकडे. जुनीच्या पाचही एकाच जागी, पण खाली कोपऱ्यात, पांढऱ्या भागात. अशोकभाऊ म्हणाले, "सर, नवीच घ्या. दोन त बसल्या दहात! हिची त एकबी नाई."

सर कागद अगदी नाकाशी धरून पाहत होते. म्हणाले, "अशोक, नेम सरकवता येते. दोन स्क्रू फिरवले का झालं. स्वभाव कसा सरकवशीन?"

जुनी रायफल आर्णीला आली.

*

आणि इथे आल्यावर तिने तोंड फिरवलं! क्लबात साठवलेल्या गोळ्या भरल्या की कागदभर पसारा. लोक सरांसमोर बोलत नसत, पण सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. सरांना दिसायचं कमी झालं होतं, ऐकू मात्र चांगलं येत होतं. त्यांचा चेहरा उतरलेला पाहवत नसे. मला त्या दिवसांत सगळ्यांचा राग यायचा, रायफलीचासुद्धा.

सर म्हणाले, "रायफल बरोबर हाये. हे काडतूस तिले पचून नाई राह्यलं. दर रायफलीची आवड येगळी असते. तऱ्हेतऱ्हेचे डबे मागवा."

अशोकभाऊ म्हणाले, "म्हंजे जावईच आणला म्हणा न घरी! पहिले विचारा लागते, चालते काय आणि चालत नाई काय!"

त्या दिवशी सर पुष्कळ दिवसांनी हसले.

*

डबे यायला वेळ लागला. तोवर सरांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. मुलगा पुण्याहून त्यांना कायमचं न्यायला आला. सामान गाडीत भरलं, घराला कुलूप लागलं. सरांनी गाडी आधी रेंजवर घ्यायला लावली. डबे आदल्या दिवशीच आले होते.

मुलगा म्हणाला, "बाबा, उशीर होतोय."

"होऊ दे. म्या निवडली ते बरोबर का चूक, हे कळल्याबिगर मी इथून हालत नाई."

सरांना खुर्ची दिली. नव्या डब्यातल्या पाच गोळ्या घेऊन वंदना सतरंजीवर पालथी झोपली. बोल्ट मागे, गोळी, बोल्ट पुढे. दर गोळीनंतर सर मान किंचित हलवत होते. पाच झाल्या. वंदना चालत गेली, कागद काढून आणला आणि सरांच्या हातात दिला.

सरांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूने भोकाच्या कडा बोटाला लागतात. बोट फिरत फिरत मधोमध थांबलं. मग पुढे निघालं, चारही कोपऱ्यांपर्यंत गेलं, कडेकडेने फिरलं आणि परत मध्ये आलं.

"एकच लागून राह्यली, पोरी," सर म्हणाले. "बाकीच्या चार बाहेर गेल्या काय?"

"बाहेर कायले जातीन, सर? सगळ्या तिथूनच गेल्या."

सरांनी करंगळीचं टोक त्या भोकात घालून पाहिलं, आणि तसंच ठेवलं.

"पोराले सांगा," ते म्हणाले, "गाडी काढ म्हणा."