गप्प राहून झालेला अल्बम

माझा आवाज लहानपणापासून जाड. निपाणीला शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि हळूच सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव." घरी फोन उचलला की पलीकडचा माणूस मला वडील समजून बोलायला लागायचा. मी गाणं सोडलं असं म्हणता येणार नाही, कारण धरलंच नव्हतं.

पुढे बेंगळुरूला नोकरी लागली. महादेवपुऱ्यात, सॉफ्टवेअर तपासायची. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं एकदा जेवणाच्या सुट्टीत स्वतःचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले. अमेरिकेतली एक काळी बाई गात होती. खालच्या पट्टीत, पोटातून, थेट माझ्याच जातीचा आवाज! आणि तो लपवायचा सोडून ती सगळ्यांच्या पुढे उभी राहून गात होती. "या गाण्याला सोल म्युझिक म्हणतात," मैत्रीण म्हणाली. माझा डबा तसाच राहिला.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी आठवडाभर नोकरी केली आणि शनिवार-रविवारी एका रेस्टॉरंटात लोकांची इंग्रजी गाणी गायले. तिथं बेस गिटार वाजवणाऱ्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणायची. हेब्बाळला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचा छोटा स्टुडिओ होता. एक दिवस ते म्हणाले, "दुसऱ्यांची गाणी पुरे झाली. तुझा अल्बम करू." मी हुरळून जाऊन इंग्रजीत चार-पाच प्रेमगीतं लिहिली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "चांगली आहेत. पण यात तू कुठं आहेस?" मी कागद गोळा करून पिशवीत टाकले.

आणि मग आवाजच गेला. एका रविवारी गाता गाता वरचा सूर लागलाच नाही, नुसती हवा बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, काही आठवडे पूर्ण मौन पाळा, कुजबुजायचंसुद्धा नाही. गाता येईल का, असं मी कागदावर लिहून विचारलं. "बघू," एवढंच म्हणाले. बेळ्ळंदूरच्या रहदारीत अडकलेल्या रिक्षात मी रडले, तेही आवाज न करता.

आई निपाणीहून आली. ती मुळातच बोलकी, त्यात समोर लेक मुकी. मग काय! सकाळी भाजी निवडताना सुरू व्हायची ते रात्रीपर्यंत. एरवी तिच्या दुसऱ्या वाक्याला मी "हो गं, माहितेय" म्हणून तिला थांबवत असे. आता थांबवायची सोय नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. तिनं वखारीत तंबाखू निवडताना बायका काय काय बोलायच्या ते सांगितलं, चोरून सायकल शिकल्याचं सांगितलं. आणि एका दुपारी, मटार सोलता सोलता, हे सांगितलं:

"लग्नाला वरीसबी झालं नव्हतं. तुझ्या आजीचं आणि माझं वाजलं. मी उठलो, चप्पल घातली आणि सरळ एसटी स्टँडवर जाऊन बसलो. कोल्हापूरची गाडी आली, गेली. बेळगावची आली, गेली. संध्याकाळपतुर बसलो. मग उठून घरला आलो. कुणाला पत्ता न्हाई."

आमच्याकडे बायकाही "मी आलो, मी बसलो" असंच बोलतात. तिच्या तोंडचं ते "बसलो" माझ्या डोक्यात घुमायला लागलं. गाडी आली, गाडी गेली. नुसतं म्हटलं तरी त्यात ताल होता. मटार सोलणं थांबवून मी बोटांनी ताटावर तो धरला. "काय गं, बरी हाईस न्हवं?" आई म्हणाली. मी जोरजोरात मान हलवली.

आवाज हळूहळू परत आला. पूर्वीपेक्षा थोडा खरखरीत आणि आणखी खालचा. वरचे काही सूर गेलेच. पण डॉक्टरांनी गायची परवानगी दिली, आणि मी हेब्बाळला गेले ती आईच्या गोष्टींची गाणी घेऊनच. मराठीत. अण्णांना मराठी येत नव्हतं, तरी पहिलं गाणं ऐकताच ते खुर्चीतून पुढे सरकले. "ही तू आहेस," ते म्हणाले.

स्टँडचं गाणं मात्र जमेना. मी ते संथ, दुःखी केलं होतं. रडत बसलेली नवी सून, डोळ्यांसमोरून जाणाऱ्या गाड्या. अण्णा म्हणायचे, "जरा जड होतंय." शेवटी मी आईला स्टुडिओत नेलं. तिची गोष्ट, तिची परवानगी तरी घ्यायला हवी होती. तिनं ते पूर्ण ऐकलं.

"लोकांना सांगणार हे?"

"तू हो म्हणालीस तर."

"सांग की. पण खरं सांग. मी रडलो न्हाई."

"मग काय करत होतीस?"

"मजा बघत हुतो! घरात कुणालाच ठावं न्हाई मी कुठं हाय. ती एक दुपार मी कुणाचीच न्हवतो."

"मग परत का आलीस?"

"भूक लागली. तू पोटात हुतीस."

मी अण्णांना कन्नडमध्ये सगळं सांगितलं. ते मोठ्यानं हसले, गिटार उचलली आणि लय दुप्पट केली. मी डोळे मिटले आणि गायले. खरखर लपवली नाही. आई कोपऱ्यात बसून मांडीवर ठेका धरत होती. पहिल्या फेरीतच गाणं झालं. "ती एक दुपार मी कुणाचीच न्हवतो," ही ओळ मी तिच्याच शब्दांत ठेवली. पुण्याच्या एका मैत्रिणीनं तिथं शुद्ध 'नव्हते' करायला सुचवलं. मी ऐकलं नाही.

अल्बम बाहेर आला त्या रविवारी आम्ही एका छोट्या सभागृहात कार्यक्रम केला. पुणे-नागपूरची ऑफिसातली मंडळी होती, अण्णांचे कन्नड मित्र होते, रेस्टॉरंटातले नेहमीचे लोक होते. शेवटचं गाणं स्टँडचं. ही पुढच्या रांगेत बसलेल्या माझ्या आईची गोष्ट, असं मी आधीच सांगून टाकलं. मी "गाडी आली" म्हटलं आणि श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "गाडी गेली!" पुढच्या वेळी अर्धं सभागृह, त्याच्या पुढच्या वेळी सगळेच. मराठी न येणारेसुद्धा. लोक उभे राहिले. माझा तो जाड, फाटका आवाज सगळ्या भिंतींना जाऊन भिडत होता, आणि मला आणखी जोरात गावंसं वाटत होतं. आम्ही ते गाणं पुन्हा म्हटलं. थांबूच देईनात.

कार्यक्रमानंतर एक तरुण मुलगी गर्दीतून वाट काढत आली. मला वाटलं, माझ्याकडे. ती आईसमोर उभी राहिली.

"काकू, मीही एकदा अशीच बसले होते. नागपूरच्या स्टँडवर."

"मग? घरला गेलीस?"

"नाही. गाडीत चढले. इथं आले."

आईनं तिचा हात हातात घेतला आणि तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "आता नीट सांग," ती म्हणाली, "पहिल्यापासनं."