नाराज की नारान

आमचे भावजी, म्हणजे ताईचा नवरा, फळं-भाजी विकतात आणि क्लिंगॉन बोलतात. टीव्हीवरच्या अंतराळातल्या लढवय्यांची ही भाषा ते आणि त्यांचा धाकटा भाऊ दुकानात बसून शिकले. तिच्यात फळ आणि भाजी, दोन्हींना मिळून 'नाख' हा एकच शब्द, यावर भावजी खरोखर चिडायचे. "कांदा आणि केळं एकच, मग ह्यांनी दुकान चालवायचं कसं?" खाण्याच्या झाडापाल्याचे आणखी जे काही शब्द सापडले, ते दोघांनी एका वहीत जमवले. ताई म्हणायची, दोघांचं डोकं फिरलंय.

सहा वर्षांपूर्वी ती वही गायब झाली. भावजींनी भावावर आळ घेतला, भावाने दुकान सोडलं, बोलणं तुटलं ते तुटलंच.

गेल्या महिन्यात भावजींना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. पंधराव्या दिवशी तोंडातून एक शब्द फुटला. ताईला ऐकू आलं, "नाराज." दिवसभर तेच. मलाही तेच ऐकू आलं, खोटं कशाला बोलू.

तीन दिवस ताई कशाकशाची माफी मागत राहिली. चौथ्या दिवशी तिचा धीर सुटला. "वही मी रद्दीत घातली होती. तुमच्या भावाने तिला हातही लावला नव्हता."

सहा वर्षं ही बाई गप्प बसली होती. भावजींनी डोळे मिटून घेतले.

ताईने दिराला फोन करून सगळं सांगितलं. तो तासाभरात आला. त्याला बघताच भावजी पुन्हा तेच म्हणाले. दीर पलंगावर बसला आणि हसता हसता रडायला लागला.

"वहिनी, नाराज नाही, नारान. क्लिंगॉनच्या कोशात नुसतं 'एक फळ' दिलंय. आम्ही ते नारिंगाला लावलं होतं. दादा नारिंग मागतोय."

माणूस चार दिवस फळ मागत होता, आणि ताईने त्याच्यापुढे नको ते ओकून टाकलं होतं.

"म्हणजे ह्यांना काही माहीतच नव्हतं?" ती पुटपुटली.

दिराने नारिंग आणलं, ताईने सोललं. भावजींनी चांगल्या हाताने पहिली फोड भावाला भरवली, दुसरी स्वतः खाल्ली. तिसरी ताईने त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान फिरवली.

"नारान?" तिने विचारलं.

ते भिंतीकडे बघत राहिले.